विमा नसलेल्या बाईची मोफत कर्करोग तपासणी: शिबिरात पाठवावं की ओपीडीत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पुण्यात राहता. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई 49 वर्षांच्या आहेत. विमा नाही, नवरा हमाली करतो, रेशन कार्ड केशरी आणि गावचं, धाराशिव जिल्ह्यातलं. त्यांच्या वस्तीजवळच्या मंगल कार्यालयात येत्या रविवारी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी आहे. त्यांना तिथे पाठवावं, की तुम्ही पैसे भरून एका लॅबचं ‘महिला कॅन्सर पॅकेज’ करून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय: ‘तशा त्या धडधाकट आहेत, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, मधे एक-दोनदा थोडं लाल गेलं, पण उष्णतेनं असेल असं त्याच म्हणतात.’

माझं उत्तर त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतं. या ताईंना शिबिरात पाठवू नका आणि पॅकेजही घेऊ नका. त्यांना याच आठवड्यात सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत न्या.

कारण सांगते. शिबिरातली तपासणी ही काहीच त्रास नसलेल्या बायकांसाठी असते. वरवर निरोगी दिसणाऱ्या शंभर जणींतून ज्या दोन-चार जणींना पुढे नीट बघायला हवं, त्या शोधून काढायच्या, एवढंच तिचं काम. ज्या बाईला लक्षण आहे, ती त्या दोन-चार जणींत आधीच जाऊन बसलेली आहे. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून पुन्हा लाल गेलं, मग ते थेंबभर का असेना, तर त्याचं कारण शोधावंच लागतं. बहुतेक वेळा ते साधं निघतं. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यातून डाग पडतात. पण गर्भाशयमुखाचा आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, हे दोन्ही कर्करोग याच वयात याच लक्षणानं पुढे येतात, आणि नुसत्या अंदाजावर दोन्ही बाजूला सारता येत नाहीत.

शिबिराचा आणखी एक धोका त्यांच्या बाबतीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोफत शिबिरांत गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी करतात. पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावायचं आणि मिनिटभरानं पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. कर्करोगाआधीचे बदल ज्या पट्ट्यात होतात, तो पट्टा पाळी गेल्यावर आत, मुखाच्या नळीत सरकतो. बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे पाळी गेलेल्या बाईला या तपासणीत ‘निगेटिव्ह’ची चिठ्ठी मिळाली तरी ती फारशी भरवशाची नसते. आणि एकदा चिठ्ठी हातात आली की ती बाई पुढचे सहा महिने दुखणं अंगावर काढते. ‘तपासलंय की, काही नाही निघालं’ हे वाक्य मी ओपीडीत फार ऐकलंय, आणि ते ऐकलं की मला त्या शिबिराचा राग येतो. त्रास आहे का, एवढं तरी तिथे विचारायला हवं होतं.

ओपीडीत काय होईल? आधी विचारपूस, मग आतून तपासणी. डॉक्टर पिशवीचं तोंड प्रत्यक्ष बघतील. तिथे काही वावगं दिसलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. काही दिसलं नाही तरी पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याची) होईल आणि सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतील. पाळी गेलेल्या बाईत ती साधारण 4 मिलिमीटरच्या वर असेल, किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर अस्तराचाही नमुना घेतात. कुठल्या क्रमानं काय होईल हे त्या दिवशी काय दिसतं त्यावर ठरतं. ते मी इथून सांगू शकत नाही. मात्र ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, जा घरी’ असं म्हणून कुणी पिशवीचं तोंड न बघताच पाठवलं, तर ‘आतून तपासणी करायची राहिली आहे’ असं तुम्ही ठामपणे म्हणा. गर्भाशयमुखाचा सुरुवातीचा कर्करोग सोनोग्राफीत दिसत नाही.

आता त्याच वस्तीतल्या बाकीच्या जणींचं बोलू, ज्यांना काही त्रास नाही आणि विमाही नाही. तुमचा मूळ प्रश्न त्यांना बरोबर लागू होतो.

केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात 2016 पासून तीन कर्करोगांच्या तपासणीची रूपरेषा ठरलेली आहे: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. वय 30 ते 65, दर 5 वर्षांनी, मोफत. गावात आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरून घेतात, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातले आजार असे प्रश्न असतात. मग उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे हल्ली ज्यावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते तिथे, तपासणी व्हायची असते. शहरात महापालिकेचे दवाखाने आणि प्रसूतिगृहं हे काम करतात. यासाठी विमा लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नोंदणीसाठी आधार आणि मोबाइल नंबर विचारतात.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती (1.9 टक्के), आणि स्तनाची तर एकीचीही नाही (0.9 टक्के). त्यानंतर सुधारणा आहे, पण केंद्रागणिक फरक फार. एका केंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी मुलगी इतकं नेटकं काम करते की मी तिच्याकडून आलेली चिठ्ठी न वाचताही विश्वास ठेवीन. दुसऱ्या केंद्रात स्पेक्युलम, म्हणजे आतून बघायचं साधन, कुलूपबंद असतं. म्हणून जाण्याआधी आशाताईंना किंवा नर्सबाईंना सरळ विचारावं: इथे पिशवीच्या तोंडाची तपासणी होते का, कुठल्या वारी होते, कोण करतं? नाही म्हणाल्या तर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय, पालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, ससून, आणि पिंपरीला वायसीएम, यांपैकी जे घराजवळ पडेल ते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं नि:शुल्क आहे, आणि औंध त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे तिथले नियम वेगळे, पालिकेचे त्यांचे आणखी वेगळे. तरी रक्कम खासगीच्या मानानं किरकोळ असते.

‘इतकी साधी तपासणी, त्यानं खरंच काही होतं का?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे भरून पॅकेज घ्यायचा विचार त्याच शंकेतून येतो असं मला वाटतं. फुकट म्हणजे दुय्यम, असं. याचं उत्तर आपल्याच राज्यात सापडतं आणि ते या ताईंच्या जिल्ह्यातलं आहे.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. त्याच्या मदतीनं 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए, चौथ्यात नेहमीची सेवा. प्रत्येकीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा. 2009 साली निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात पुढे गेलेले कर्करोग आणि मृत्यू चौथ्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. 34 मृत्यू विरुद्ध 64. एकदाच केलेल्या पॅप किंवा व्हीआयएनं मात्र मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना आज 35 आणि 45 व्या वर्षी एचपीव्हीसारखी चांगली चाचणी करा असं सांगते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आपल्या धाराशिवच्या बायकांनी दिलेला आहे. ताईंच्या सासूबाई किंवा आई त्यात असू शकतील. हे मराठी घरांत माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधला, टाटा स्मारक रुग्णालयाचा, 1998 ला सुरू झालेला. तिथे व्हीआयए डॉक्टरांनी केलीच नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी केली. बारा वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

दोन्ही एकत्र वाचले की माझ्या कामात मी काय सांगते ते लक्षात येईल. व्हीआयए स्वस्त आहे, उपयोगी आहे, पण ती एकदा करून विसरायची नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी. एचपीव्ही चाचणी एकदाच जमणार असेल तरी तिचा फायदा मोठा. तुम्हाला पैसे खर्च करायचेच असतील तर पॅकेजऐवजी वस्तीतल्या पस्तीस-चाळिशीच्या एखादीची एचपीव्ही चाचणी करून द्या. खासगीत ती महाग पडते, हजारांत जाते. त्यातला नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, फक्त तशी सोय त्या लॅबकडे आहे का ते विचारा. तीस वर्षांखालच्या मुलींची ही चाचणी करू नका. त्या वयात विषाणू बऱ्याच जणींत येतो आणि आपोआप जातोही, उगाच घोर लागतो.

तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या यादीत सीए-125 आणि सीईए या रक्ताच्या तपासण्या आहेत. निरोगी बाईत कर्करोग शोधायला त्यांचा उपयोग नाही. सीए-125 गाठी, सूज, पाळी, कशानंही वाढतं. ते थोडं जास्त आलं की पुढे सोनोग्राफी, एमआरआय मागे लागतात आणि रात्रीची झोप जाते. नॉर्मल आलं तर बाईला वाटतं आपण सुटलो, आणि पिशवीच्या तोंडाकडे कुणी बघितलेलंच नसतं. त्याच यादीत ‘स्पर्शाशिवाय, किरणांशिवाय’ म्हणून स्तनांचं उष्णतेवरचं चित्र आहे. मॅमोग्राफीच्या जागी ते चालत नाही.

स्तनांच्या बाबतीत मी थोडी सावध बोलते, कारण इथे पुरावा गर्भाशयमुखाइतका सरळ नाही. सरकारी कार्यक्रमात सगळ्यांची मॅमोग्राफी नाही. शिकलेल्या हातांनी केलेली तपासणी आहे. मुंबईच्या त्याच अभ्यासात ही तपासणीही होती आणि वीस वर्षांनी, 2021 मध्ये, तिचे निष्कर्ष आले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या बायका कमी होत्या, 37 टक्के विरुद्ध 47. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या बाईसाठी हातानं केलेली तपासणी चांगलीच कामाची आहे. त्याआधीच्या वयात तिची हमी कमी, पण लवकर सापडण्याचा फायदा उपचार सोपे होण्यात असतोच, म्हणून मी ती सोडत नाही.

पण ‘हातानं तपासणी’ म्हणजे कपड्यावरून दोन ठिकाणी दाबून बघणं नव्हे. बाई बसलेली असताना आधी दोन्ही बाजू नुसत्या बघायच्या: कुठे खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का. मग आडवं करून, हात डोक्याखाली घेऊन, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी बारीक गोल फिरवत सबंध स्तन चाचपायचा, काखेपर्यंत. मग काख, मग गळ्याच्या हाडाच्या वर. बोंडातून लाल पाणी येतं का विचारायचं. नीट केलं तर काही मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटात कुणी ‘ठीक आहे’ म्हटलं तर ती तपासणी झाली असं धरू नका.

गाठ लागली तर? बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ‘दुखत नाही म्हणजे काळजी नाही’ हा समज उलटा आहे. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. पुढचा रस्ता ठरलेला आहे: डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी किंवा वय कमी असेल तर सोनोग्राफी, आणि जाड सुईनं तुकडा काढून तपासणी. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी गाठ कापून काढू देऊ नका. ‘छोटी गाठ आहे, भूल देऊन काढून टाकू’ असं म्हणून लहान दवाखान्यात काढलेली गाठ पुढे कर्करोगाची निघाली की नंतरच्या सर्जनला कुठून किती काढायचं याचा अंदाज येत नाही, आणि जी शस्त्रक्रिया एकदाच व्हायला हवी होती ती दोनदा होते. सुई टोचल्यानं कर्करोग पसरतो ही भीतीही मनातून काढा.

आता तपासणीनंतरचं, कारण माझ्या अनुभवात बायका मोफत तपासणीच्या दारात हरवत नाहीत, त्या दारातून बाहेर पडल्यावर हरवतात. हातात चिठ्ठी असते, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं, आणि ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ एवढंच सांगितलेलं असतं. कुठला मोठा दवाखाना, कितवा मजला, कोणता वार, काही नाही. आणि घरी गेल्यावर नवरा विचारतो, ‘काय म्हणाले?’

व्हीआयएत पांढरा चट्टा आला किंवा एचपीव्ही पॉझिटिव्ह आली तर तो कर्करोग नव्हे. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण 10 ते 20 वर्षं जातात, आणि बहुतेक जणींचं शरीर तो विषाणू स्वतःच घालवून देतं. पुढे भिंगातून बघतात, ज्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात, गरज वाटली तर तुकडा घेतात. कर्करोगाआधीचा बदल असेल तर तो भाग शेकून किंवा गोठवून नष्ट करता येतो. काही मिनिटांचं काम, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. पिशवी काढायची गरज पडत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे, खास करून मराठवाड्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्या गेल्याची चौकशी विधिमंडळापर्यंत गेलेली आहे. ‘अंगावरून पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ हे सांगून केलेल्या त्या शस्त्रक्रिया होत्या. कुणीही असं म्हणालं तर एकच प्रश्न विचारायचा: तुकड्याचा रिपोर्ट कुठे आहे? रिपोर्टाशिवाय कर्करोगाच्या नावानं पिशवी काढू द्यायची नाही.

आणि ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी ‘आपलं काम संपलं’ असं समजू नये. काही शस्त्रक्रियांत पिशवीचं तोंड शिल्लक ठेवतात. डिस्चार्ज कार्ड असेल तर डॉक्टरांना दाखवा, नसेल तर आतून बघून लगेच कळतं. स्तनांची तपासणी तर त्यांनाही हवीच.

एचपीव्हीबद्दल आणखी एक. हा विषाणू संबंधातून येतो हे कळलं की घरात संशयाचं वारं शिरतं. माझ्यासमोर नवऱ्यानं बायकोला आणि सासूनं सुनेला बोललेलं मी ऐकलंय. तो विषाणू इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. आज पॉझिटिव्ह आली म्हणून काल काही घडलं असा अर्थ निघत नाही. रिपोर्ट सांगताना मी हे वाक्य आधी सांगते, रिपोर्ट नंतर.

पैशाचं. तुम्ही ‘विमा नाही’ लिहिलंय, पण महाराष्ट्रातलं रेशन कार्ड आहे म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्यांना लागू आहे. 2024 पासून ती कार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत. कार्ड धाराशिवचं असलं तरी पुण्यातल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतं. मात्र ही योजना ठरलेल्या उपचारांसाठी आहे. निदान होण्याआधीच्या ओपीडीतल्या तपासण्या तिच्यावर सोडू नका, त्यासाठी सरकारी रुग्णालयच बरं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. फोनवर माहिती हवी तर 155388. आधार आणि रेशन कार्डावर नाव, वय जुळतंय का हे आत्ताच बघून ठेवा. कार्डावर ‘संगीता’ आणि आधारवर ‘संगिताबाई’ एवढ्यावरून दिवस वाया गेलेले मी पाहिलेत. तुमच्याच सोसायटीत कर्नाटकातून, कलबुर्गीकडून आलेल्या कुणी असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड आहे का विचारा. ते राज्याबाहेरच्या योजनेतल्या रुग्णालयांतही चालतं.

ताईंना कसं सांगायचं, हाही तुमचा प्रश्न होता. ‘कॅन्सर’ शब्दानं सुरुवात करू नका. ‘पाळी गेल्यावर लाल जाणं हे उष्णतेचं नसतं, डॉक्टरांना एकदा दाखवायचं, मी येते बरोबर’ एवढं पुरे. तुम्ही खरंच बरोबर जा. सरकारी ओपीडीत केसपेपर काढण्यापासून खोली सापडेपर्यंत एका माणसाची सोबत असली की निम्मं ओझं उतरतं. त्या दिवसाचे पैसे कापू नका, आणि त्या जिथे जिथे कामाला जातात त्या बाकीच्या घरांशीही बोला. चार घरची कामं करणाऱ्या बाईला एक दिवस म्हणजे चार जणींची नाराजी असते, आणि तपासणी पुढे ढकलली जाण्याचं ते अगदी खरं कारण आहे. जाताना साडी किंवा परकर असू दे, मग पूर्ण कपडे काढावे लागत नाहीत. बाई डॉक्टर हव्यात असं त्यांना वाटत असेल तर तसं सांगायला संकोच करू नका. आदल्या दोन दिवसांत आत कुठलंही मलम किंवा गोळी ठेवलेली नसावी. आणि त्या मिश्री लावत असतील तर तोंडही दाखवून घ्या. त्याच फेरीत होतं.

रविवारच्या शिबिराला बाकीच्या जणी जरूर जाऊ देत, आणि तुम्हीही चाळिशीच्या आहात, तुमची स्वतःची तपासणी कधी झालीय? आधी आयोजकांना फोन करून विचारा की पिशवीच्या तोंडाची तपासणी कोण करणार आहे, त्याला आडोसा आणि टेबल आहे का, आणि स्पेक्युलम प्रत्येकीला निर्जंतुक केलेलं मिळणार का. मग सगळ्यात महत्त्वाचं विचारा: कुणाचं काही निघालं तर पुढे कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी, आणि त्यांना फोन कोण करणार? याचं उत्तर नावानिशी मिळालं तर निर्धास्त जा. ‘बघू, चिठ्ठी देऊ’ असं आलं तर त्या जणींना आशाताईंबरोबर पालिकेच्या दवाखान्यात पाठवा. ताईंचा तुकड्याचा रिपोर्ट आला की त्यातले शब्द जसेच्या तसे इथे टाका, नाव झाकून. पुढचं काय ते मी लिहीन.